घरासाठी डेस्कटॉप: टॉवर, मिनी पीसी, ऑल-इन-वन की ऑफिसातून निघालेला?

डेस्कटॉप घ्यायला गेलं की बोलणं प्रोसेसरपासून सुरू होतं: आय३ की आय५, इंटेल की रायझन. आमचं म्हणणं, सुरुवात डब्यापासून, म्हणजे मशीनच्या आकार-प्रकारापासून करा. प्रोसेसर सहसा बिघडत नाही. बिघडतो तो एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) किंवा अ‍ॅडॉप्टर, पंखा, एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान ड्राइव्ह), कधी स्क्रीन. आणि दोन-तीन वर्षांत अपुरी पडते ती रॅम. यातलं काय तुमच्या गावातल्या दुकानात बदलून मिळेल आणि कशासाठी अख्खं मशीन टाकून द्यावं लागेल, हे डब्याच्या प्रकारावर ठरतं. म्हणून प्रकार आधी पक्का करा, प्रोसेसर नंतर.

काम आणि सॉफ्टवेअर आधी कागदावर

ब्राउझर, कागदपत्रं, ऑनलाइन क्लास, बँकेची कामं, यूट्यूब एवढंच असेल तर आजचा कुठलाही नवा मिनी पीसी पुरतो. फोटोंची कामं, फुल एचडी व्हिडिओची काटछाट, कॉलेजचं प्रोग्रॅमिंग असेल तर सहा कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम धरा. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवायचा असेल तर ३२ जीबीची जागा तरी ठेवा. नवे गेम, ब्लेंडरमधलं थ्रीडी काम, फोरके एडिटिंग यांना ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि मग विचार करायला पूर्ण आकाराचा टॉवर (उभं मोठं कॅबिनेट) एवढाच प्रकार उरतो.

सॉफ्टवेअर कुठल्या सिस्टिमवर चालतं हेही आत्ताच पाहा. टॅली विंडोजवर चालते. डीटीपी (छपाईसाठी मजकुराची मांडणी) करणाऱ्यांनी श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची हातातली आवृत्ती विंडोज ११वर चालते का आणि तिचं यूएसबी लॉक नव्या मशीनला ओळखतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनीही तसंच. मशीन घरी आणल्यावर हे कळलं तर उपाय उरत नाही.

आणि कुठलाही प्रकार घ्या, मुख्य ड्राइव्ह एसएसडीच हवी. हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकलेलं मशीन सुरू होतानाच जीव खातं. दुकानदार ‘एक टीबी’ म्हणाला तर कशाचा एक टीबी, ते विचारा. चालू असलेली जुनी हार्ड डिस्क फोटो साठवायला दुसरी ड्राइव्ह म्हणून लावता येते.

असेंबल केलेला टॉवर

जागा असेल आणि मशीन सात-आठ वर्षं चालवायचं असेल तर टॉवर हाच सर्वांत शहाणा पर्याय. प्रत्येक भाग प्रमाणित मापाचा असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारा एसएमपीएस नांदेडच्या दुकानातही मिळतो आणि अर्ध्या तासात बसतो.

घरगुती कामाची एक साधी यादी: कोअर आय३-१२१०० (४ कोअर, ८ थ्रेड), एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस. किंवा रायझन ५ ५६००जी (६ कोअर, १२ थ्रेड) आणि त्याला बी५५० बोर्ड. दोन्हींत ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. इथेच एक अक्षर नीट वाचा. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल (उदा. १२१००एफ) किंवा रायझन ५६००च्या पुढे ‘जी’ नसेल, तर त्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून कोटेशनमध्ये हळूच येतो, आणि मग मॉनिटरवर काहीच उमटत नाही.

रॅम एकच १६ जीबीची लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. दोन पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनेल चालतं, म्हणजे दोन्हींतून एकाच वेळी माहितीची ये-जा होते, आणि गेममध्ये किंवा फोटोंवर काम करताना हा फरक स्पष्ट जाणवतो. एच६१०सारख्या स्वस्त बोर्डवर मात्र रॅमचे दोनच स्लॉट असतात. पुढे ३२ जीबी हवी झाली तर दोन्ही पट्ट्या काढून नव्या घालाव्या लागतील, हे धरून चाला.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) लागणाऱ्या बोर्डाचा एकूण खर्च त्यामुळे वर जातो. जुन्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर४ असेल तर ती काढून नव्या मशीनला वापरता येते. त्यासाठी बोर्डही डीडीआर४चाच हवा. एच६१० दोन्ही प्रकारांत येतो, तेव्हा खोक्यावर वाचा. उलट, पुढे प्रोसेसर बदलण्याचा बेत असेल तर रायझनचं २०२२चं एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) घ्या. त्याला डीडीआर५ लागते, पण रायझनचं जुनं एएम४ आणि इंटेलचं एलजीए१७०० ही दोन्ही सॉकेट आता आपल्या शेवटाला आली आहेत. जुना बी४५० बोर्ड कोणी स्वस्तात देत असेल तर त्याचा बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) रायझन ५०००साठी अपडेट केलेला आहे का, ते विचारा. नसेल तर मशीन चालूच होणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस ही असेंबल्ड मशीनमधली नेहमीची दुखरी जागा आहे. त्यावर मोठ्या अक्षरात ‘४५० वॉट’ छापलेलं असतं. तो हातात घ्या आणि बाजूचा तक्ता वाचा. आजचं मशीन जवळजवळ सगळी वीज +१२ व्होल्टच्या लाइनवरून घेतं. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट, एवढीच कामाची ताकद. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर +१२ व्होल्टला ३६ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. साध्या मशीनला १९२ वॉटही चालून जातील, पण असा एसएमपीएस उन्हाळ्यात, व्होल्टेज वरखाली होत असताना आधी दगा देतो, आणि जाताना कधी बोर्ड किंवा एसएसडीही घेऊन जातो. दोन-अडीच हजार इथे घाला आणि दिव्यांच्या कॅबिनेटवरचे वाचवा.

टॉवर घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात येते: स्वस्त मदरबोर्डवर वाय-फाय आणि ब्लूटूथ नसतं. राउटर हॉलमध्ये आणि मशीन आतल्या खोलीत असेल तर वाय-फाय कार्ड यादीत धरा. यूएसबी डोंगल घेतला तर तो मागच्या पोर्टात खुपसू नका. लोखंडी कॅबिनेट सिग्नल अडवतं. छोट्या एक्स्टेन्शन वायरीने तो टेबलावर आणा. वेबकॅम, माइक, स्पीकर हेही वेगळे.

कंपनीचा तयार टॉवर म्हणजे एचपी, डेल, लेनोव्हो, एसर यांची मशीनं. घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी हा यांचा खरा फायदा, आणि तालुक्याच्या गावात चांगला असेंबलर नसेल तर तो मोठा आहे. पण बऱ्याच मॉडेलांत एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर त्या कंपनीचेच असतात. वॉरंटी संपल्यावर बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. वाढीव वॉरंटीचा भाव मशीन घेतानाच विचारा.

मिनी पीसी

चपटा, हाताच्या पंजाएवढा डबा. आत लॅपटॉपचे भाग. इंटेलने २०२३मध्ये आपली मिनी पीसींची नक मालिका बनवणं थांबवलं आणि ती असूसकडे गेली. बाकी बाजारात आयात केलेल्या ब्रँडांची गर्दी आहे. आयात मालाची वॉरंटी भारतात कोण पाहणार, याचं उत्तर नाव-पत्त्यासह मिळालं नाही तर घेऊ नका.

स्वस्त गटात इंटेल एन१०० सगळीकडे दिसतो. चार कोअर, ६ वॉटचा प्रोसेसर. घरच्या लिहिण्या-वाचण्याला आणि फोरके व्हिडिओ पाहायला पुरेसा. त्याची रॅम एकाच चॅनेलची असते, त्यामुळे स्लॉटही सहसा एकच. घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, मशीन बेअरबोन तर नाही ना? बेअरबोन म्हणजे रॅम, एसएसडी आणि विंडोज काहीच नसलेला डबा. किंमत फारच आकर्षक वाटली तर बहुधा तेच असतं. दुसरी, रॅम स्लॉटमध्ये आहे की बोर्डवर डाग दिलेली? एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती जवळपास नेहमी डाग दिलेली असते, पुढे वाढत नाही. मग आत्ताच १६ जीबी घ्या. तिसरी, एचडीएमआय कुठलं? १.४ असेल तर फोरके टीव्हीवर चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतं आणि माउसचा बाण अडखळल्यासारखा दिसतो.

मिनी पीसीला लागते ती लॅपटॉपची छोटी रॅम. डेस्कटॉपची लांब पट्टी तिथे बसत नाही.

हा डबा मॉनिटरच्या पाठीवर वेसा पट्टीने बसवता येतो, आणि टेबल मोकळं राहतं. मॉनिटरमागे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची चार भोकं असतात. पण काही मॉनिटरचा स्टँड त्याच भोकांवर बसतो. तिथे डबा लावायचा तर स्टँड काढून मॉनिटर भिंतीवर घ्यावा लागतो. मॉनिटर विकत घेताना त्याची मागची बाजू बघा.

बिघाड दोनच ठिकाणी जास्त. अ‍ॅडॉप्टर जातो, आणि १२ व्होल्टच्या मशीनला १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला तर बोर्डही जातो. पिन सारखी दिसली तरी आकडा वाचूनच लावा. दुसरा, पंखा. धूळ साचली की प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग कमी करतो, आणि ‘कॉम्प्युटर आधी बरा चालायचा’ ही तक्रार सुरू होते. खालच्या रबरी पायांपाशी स्क्रू असतात. ते काढून वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, मऊ ब्रशने पंखा साफ करा. फुंकणी वापरताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

ऑल-इन-वन

स्क्रीनच्याच मागे अख्खा कॉम्प्युटर. दिसायला नीटस, एकच वायर. तरी बहुतेक घरांसाठी आम्ही तो सुचवत नाही. स्क्रीन गेली की कॉम्प्युटर अडतो, आणि बोर्ड गेला की चांगली स्क्रीन वाया जाते, कारण बहुतेक मॉडेलांना बाहेरून चित्र घेणारा एचडीएमआय-इन पोर्ट नसतो. आत लॅपटॉपचा कमी विजेचा प्रोसेसर, म्हणजे त्याच पैशात टॉवरपेक्षा वेग कमी.

कॅमेरा, माइक, स्पीकर सगळं जागच्या जागी असल्यामुळे आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलसाठी किंवा अगदी छोट्या खोलीत तो सोयीचा पडतो हे खरं. तेव्हा घ्यायचाच तर एचडीएमआय-इन असलेला शोधा, रॅमचा स्लॉट मोकळा आहे का ते पाहा, आणि त्या मॉडेलच्या स्क्रीनचा बदलण्याचा खर्च सर्व्हिस सेंटरला खरेदीआधीच विचारा. तो आकडा ऐकून निर्णय पुष्कळदा बदलतो.

ऑफिसातून निघालेली मशीनं

कमी पैशात घरचं मशीन हवं असेल तर आमची पहिली पसंती हीच. मोठ्या कंपन्या आपले डेस्कटॉप काही वर्षांनी एकदम बदलतात आणि ते वापरलेल्या मालाच्या बाजारात येतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर ही तीन घराणी. बांधणी भक्कम असते आणि आतली रॅम-एसएसडी बदलणं बहुतेक वेळा पाच मिनिटांचं काम.

एक रेषा मात्र ओलांडू नका. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. सातव्या पिढीत अगदी मोजके अपवाद आहेत, घरगुती मशीनला ते लागू नाहीत. ‘आय५ आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आय५-७५०० सातव्या पिढीचा, आय५-८५०० आठव्या. दोघांच्या किमतीत फार फरक नसतो, पण पहिला घेणं म्हणजे लिनक्स वापरायची तयारी हवी. आठव्या पिढीत ऑप्टिप्लेक्स ७०६०, एलिटडेस्क ८०० जी४, थिंकसेंटर एम७२०क्यू ही मॉडेलं धरून शोधा. ८५००ला सहा कोअर आहेत. त्याचा ‘टी’ प्रकार ३५ वॉटचा, छोट्या डब्यांत येतो.

यांत आकार तीन. पुस्तकाएवढा मायक्रो किंवा टायनी, मधला एसएफएफ, आणि टॉवर. एसएफएफमध्ये बुटकं ग्राफिक्स कार्ड बसतं, पण त्याचा एसएमपीएस कंपनीच्या मापाचा आणि साधारण दोनशे-अडीचशे वॉटचा असतो. म्हणून वेगळी पॉवर वायर लागणारं कार्ड घेऊ नका. स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर चालणारंच घ्या.

दुकानात तपासणी या क्रमाने करा:

१. मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. पूर्वीच्या कंपनीचा बायोस पासवर्ड काढणं त्रासाचं असतं, काही मॉडेलांत बोर्ड बदलण्यापर्यंत जातं. तारीख-वेळ चुकीची दिसली तर सीआर२०३२ सेल संपला आहे. तो किरकोळ खर्च, दुकानदाराकडून बदलून घ्या.

२. विंडोज नव्याने टाकायला लावा, आणि सुरुवातीची मांडणी इंटरनेट जोडून करा. मध्येच एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागणारं पान आलं तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. ते घेऊ नका. इंटरनेट न जोडता मांडणी केली तर हे पान दिसत नाही, म्हणून ही पायरी सोडू नका.

३. विंडोज आणि आर ही बटणं दाबून ‘dxdiag’ लिहा, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम वाचा. सेटिंग्जमध्ये विंडोज सक्रिय आहे का ते बघा. या मशीनची मूळ विंडोजची किल्ली बहुधा बोर्डातच असते, तेव्हा दुकानदाराने वेगळी ‘स्वस्त की’ विकायचं कारण नाही.

४. क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्ह तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या आणि एसएसडीचं आरोग्य पाहा. ९० टक्क्यांच्या खाली असेल तर भावात नवी एसएसडी मागा. रॅमची एक-एक पट्टी काढून सगळे स्लॉट चालतात का ते बघा.

५. कॅबिनेट उघडून वास घ्या आणि बोर्डावरचे गोल कपॅसिटर पाहा. माथा फुगलेला किंवा तपकिरी थर आलेला नको. कोकणपट्टीतून किंवा गोव्यातून आलेल्या मशीनमध्ये पोर्टांवर हिरवट गंज आहे का, ते मुद्दाम बघा. खारी हवा रॅमच्या सोनेरी कडांवर बसते आणि पावसाळ्यात मशीन बीप देत राहतं. साधा खोडरबर घासून कडा पुसल्या की पुष्कळदा ते चालू होतं.

मायक्रो डब्यांचे अ‍ॅडॉप्टर तिन्ही कंपन्यांचे वेगवेगळे. मूळ अ‍ॅडॉप्टर सोबत घ्या.

मॅक मिनी

तुमचं सॉफ्टवेअर मॅकवर चालत असेल तर अ‍ॅपलचा एम४ चिपचा मॅक मिनी फार चांगलं मशीन आहे: १६ जीबी रॅम, जवळजवळ आवाज नाही. २०२४ला भारतात ५९,९०० रुपयांपासून आला. पण रॅम नंतर वाढत नाही, २५६ जीबीची जागा लवकर भरते, आणि जुन्या आयताकृती यूएसबीचा एकही पोर्ट नाही. पेनड्राइव्ह, प्रिंटर, मराठी कीबोर्ड या सगळ्यांसाठी हब लागेल. बाहेरची एसएसडी आणि हब धरूनच किमतीची तुलना करा.

वीज, अर्थिंग आणि यूपीएस

मिनी पीसी साध्या कामात १५ वॉट आणि टॉवर ६० वॉट घेतो असं धरू. रोज सहा तास, तीस दिवस: फरक ४५ वॉटचा, म्हणजे महिन्याला ८.१ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर ८१ रुपये. केवळ वीज वाचेल म्हणून मिनी घेऊ नका. दिवे जातात त्या गावात मात्र हाच फरक मोठा ठरतो, कारण छोट्या यूपीएसवर मिनी बराच जास्त वेळ टिकतो.

बाजारातल्या ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॉट असते. मॉनिटरसकट घरगुती टॉवरला ती पुरते. ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीए पाहा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा आणि मागचा खटका ‘यूपीएस मोड’वर ठेवा. साध्या मोडवर बदल हळू होतो आणि मशीन रीस्टार्ट होतं.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ‘थोडा करंट असतोच’ म्हणून सोडू नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर थोडं व्होल्टेज येतं आणि ते अर्थिंगमधून जमिनीत जायला हवं. झिणझिण्या म्हणजे तुमच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डातलं अर्थिंग तुटलेलं आहे किंवा मुळातच नाही. वायरमनकडून मल्टिमीटरने फेज ते अर्थ मोजून घ्या. साधारण २३० व्होल्ट यायला हवेत, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून काम चालवलं तर यूपीएस, स्पाइक गार्ड यांचं संरक्षण पूर्ण मिळत नाही.

बिल आणि पहिला आठवडा

असेंबल्ड मशीनच्या जीएसटी बिलावर ‘कॉम्प्युटर सेट’ असं मोघम लिहू देऊ नका. प्रत्येक भाग, मॉडेल आणि सीरियल नंबर वेगळ्या ओळीत हवा, कारण वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते. खोक्यात बंद आलेल्या प्रोसेसरला तीन वर्षांची असते, सुटा ‘ट्रे’ प्रोसेसर विकला तर ती मिळेलच असं नाही. प्रोसेसरचं खोकं फेकू नका. वॉरंटीच्या वेळी त्यावरचं लेबल मागतात.

घरी आणल्यावर वायर योग्य पोर्टात आहे ना बघा. ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावलेली असते आणि गेम अडखळतात. ती खालच्या आडव्या पोर्टांत, कार्डावर लावा. नंतर विंडोजमधली मेमरी टेस्ट रात्रभर नाही तरी एकदा पूर्ण चालवा, दोन तास सलग व्हिडिओ लावा, सगळे यूएसबी पोर्ट एकेक करून तपासा, स्लीपमधून मशीन नीट उठतं का पाहा. दुकानदाराकडे बदलून मिळायची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांचीच असते, आणि त्यानंतर गाठ थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी पडते.